समीकरणाच्या पलीकडचा प्रदेश

क्ष + ३ = ७ याचं उत्तर एकच: ४. ते सापडलं की वही मिटता येते. आता बरोबरचं चिन्ह पुसून तिथे ‘पेक्षा मोठं’ हे चिन्ह ठेवा: क्ष + ३ > ७. दोन्ही बाजूंतून ३ वजा केले की क्ष > ४. कृती तीच, ओळीही तितक्याच. पण हातात आलेलं उत्तर पाहा. ५ चालतो, ६ चालतो, दहा लाख चालतात, ४.१ चालतो, ४.००१ सुद्धा चालतो. चारच्या हवं तितकं जवळ जाता येतं, फक्त चारवर पाय ठेवता येत नाही. आणि या सगळ्या उत्तरांत सर्वांत लहान कोणतं? तसं उत्तर नाहीच. कोणतीही संख्या पुढे करा, तिच्या आणि चारच्या मधोमध असलेली संख्या तिच्याहून लहान निघते आणि तीही अट पाळते. शाळकरी मुलाला दोन ओळींत सोडवता येणाऱ्या या उदाहरणाची उत्तरं अनंत आहेत, त्यांना डावीकडे स्पष्ट कड आहे, आणि त्या कडेलगत पहिलं म्हणून कोणीच उभं नाही.

शाळेत मान समीकरणाचा. जगाचे व्यवहार मात्र बहुतेक असमानतांत लिहिलेले असतात. मतदानासाठी वय किमान १८. लोकसभेला उभं राहायचं तर किमान २५, राज्यसभेसाठी ३०, राष्ट्रपतिपदासाठी ३५. दहावीच्या विषयात शंभरपैकी किमान ३५. लिफ्टच्या पाटीवर कमाल वजन, घाटातल्या फलकावर कमाल वेग. यातल्या एकाही ठिकाणी ‘नेमकं इतकंच’ असं कुणी म्हणत नाही. ‘इथून पुढे’ किंवा ‘इथपर्यंत’ एवढंच म्हणतात. म्हणून कडेवरचा तो एक बिंदू आत की बाहेर, हे लाखमोलाचं ठरतं. ३५ गुण आत, ३४ बाहेर. संख्यारेषेवर हे दाखवायची पद्धत साधी आहे. कड धरून असेल (≥ किंवा ≤) तर भरीव ठिपका, कड सोडून असेल (> किंवा <) तर पोकळ वर्तुळ, आणि तिथून उत्तरांच्या दिशेने बाण. ठिपका भरायचा की मोकळा ठेवायचा, यावर एखाद्या मुलाचं वर्ष अवलंबून असू शकतं.

ही चिन्हं आपल्याला इतकी सवयीची झाली आहेत, की ती कधीतरी कुणालातरी सुचली असतील हे मनातही येत नाही. बरोबरचं चिन्ह १५५७ मध्ये वेल्सच्या रॉबर्ट रेकॉर्डने छापलं. < आणि > ही चिन्हं त्यानंतर ७४ वर्षांनी, १६३१ मध्ये, थॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाच्या पुस्तकात आली. हॅरियट तेव्हा हयात नव्हता. तो १६२१ मध्ये गेला आणि त्याच्या कागदांवरून हे पुस्तक इतरांनी तयार केलं. १६०९ च्या उन्हाळ्यात दुर्बिणीतून चंद्र पाहून त्याचं चित्र काढणाराही हाच. पण चिन्ह नसलं तरी विचार फार जुना आहे. वर्तुळाच्या परिघाचं व्यासाशी असलेलं गुणोत्तर नेमकं सांगता येत नव्हतं, म्हणून आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात त्याला दोन बाजूंनी कोंडलं: ३ पूर्णांक १०/७१ पेक्षा मोठं, ३ पूर्णांक १/७ पेक्षा लहान. नेमकं माहीत नसलेल्या गोष्टीबद्दल खात्रीने काय म्हणता येतं, याचा हा मला माहीत असलेला सर्वांत सुंदर नमुना.

असमानता सोडवताना जवळजवळ सगळं समीकरणासारखंच चालतं. दोन्ही बाजूंना सारखंच मिळवा, सारखंच वजा करा, धन संख्येने गुणा किंवा भागा. चिन्ह जागचं हलत नाही. एकाच ठिकाणी ते वळतं. ऋण संख्येने गुणलं किंवा भागलं की < चं > होतं. हा नियम मुलं पाठ करतात आणि परीक्षेच्या घाईत विसरतात. मला तर तो पाठ करायला लावणंच चूक वाटतं, कारण तो डोळ्यांनी दिसतो. संख्यारेषेवर २ आणि ५ घ्या, ५ उजवीकडे. दोघांना −१ ने गुणलं की जणू अख्खी रेषा शून्याभोवती अर्धा फेरा फिरते. शून्याच्या उजवीकडे जो जास्त दूर होता, तो आता डावीकडे जास्त दूर जातो. −५ हा −२ च्या डावीकडे बसतो, म्हणजे लहान होतो. क्रम उलटला म्हणून चिन्ह उलटलं.

हा नियम न वापरताही तिथेच पोचता येतं, आणि हे एकदा तरी करून पाहावं. −३क्ष < १२ घ्या. दोन्ही बाजूंना ३क्ष मिळवा: ० < १२ + ३क्ष. मग १२ वजा करा: −१२ < ३क्ष. आता ३ ने भागा: −४ < क्ष. म्हणजे क्ष हा −४ पेक्षा मोठा. ऋण संख्येने आपण कुठेच भागलं नाही, तरी आधी ‘पेक्षा लहान’ असलेला क्ष शेवटी ‘पेक्षा मोठा’ झाला. नियम वरून लादलेला नव्हता. तो बेरीज-वजाबाकीच्या आतच होता.

आता दुसरं चल आणूया. क्ष म्हणजे एका माणसाने दिवसाला खाल्लेली ज्वारी, शंभर ग्रॅमच्या मापात. य म्हणजे तूरडाळ, त्याच मापात. दोन्हींच्या शंभर ग्रॅममधून साधारण ३४० कॅलरी मिळतात. दिवसाच्या गरजेपैकी हजारभर कॅलरी या जोडीकडून हव्यात असं ठरवलं, तर एकूण तीन मापं तरी पोटात जायला हवीत: क्ष + य ≥ ३.

आलेखकागदावर आधी क्ष + य = ३ ही रेषा काढायची. क्ष-अक्षावर ती (३, ०) मध्ये आणि य-अक्षावर (०, ३) मध्ये मिळते. पट्टीने जोडली की झालं. कड धरून आहे म्हणून अखंड रेषा; नुसतं > असतं तर तुटक. या रेषेने कागदाचे दोन भाग केले. एका भागातला प्रत्येक बिंदू अट पाळतो, दुसऱ्यातला एकही पाळत नाही. कोणता भाग कोणता, हे कसं ओळखायचं? पाठ्यपुस्तक सांगतं: रेषेवर नसलेला कोणताही एक बिंदू घ्या आणि किंमत घालून पाहा. आरंभबिंदू सोयीचा. ० + ० ≥ ३? नाही. मग आरंभबिंदूची बाजू सोडा आणि दुसरी बाजू छायांकित करा.

या पायरीवर मुलं अर्धं मिनिटही थांबत नाहीत. तास घेणाऱ्यांनाही थांबायला सवड नसते. पण काय घडलं ते बघा. आपण एक बिंदू तपासला आणि अनंत बिंदूंबद्दल निकाल दिला, तोही ठाम. एका साक्षीवर सगळ्या प्रदेशाचा निवाडा करायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

तो अधिकार रेषेने दिला. आरंभबिंदूपासून पेन्सिल टेकवून कागदावर हवी तशी फिरवा आणि वाटेत क्ष + य ची किंमत मोजत राहा. पेन्सिल उडी मारत नाही, म्हणून किंमतही उडी मारत नाही. ती सलग वाढते किंवा घटते. तीनपेक्षा कमी असलेली किंमत तीनपेक्षा जास्त व्हायची, तर वाटेत कधीतरी बरोबर तीन व्हावीच लागते. आणि ती तीन होते फक्त रेषेवर. म्हणजे रेषा न ओलांडता निकाल बदलूच शकत नाही. आरंभबिंदू नापास, तर त्याच्या बाजूचे सगळे नापास. दुसऱ्या बाजूलाही हाच न्याय. सलगतेची ही कल्पना पुढे महाविद्यालयात मोठ्या नावाच्या प्रमेयांत भेटते, पण ती नववी-दहावीच्या आलेखकागदावर आधीच काम करत असते.

एक अट झाली. दुसरी घालू. पोट भरण्यासाठी कॅलरी पुरतात, शरीर घडवायला त्या पुरत नाहीत. लायसिन नावाचं अमिनो आम्ल शरीराला स्वतः तयार करता येत नाही. ते अन्नातूनच यावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज ३० मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १.८ ग्रॅम लागतं. शंभर ग्रॅम ज्वारीत ते जेमतेम ०.२ ग्रॅम असतं, तूरडाळीत सुमारे १.४ ग्रॅम. दूध, अंडी, मांस काहीच ताटात नाही असं धरलं, तर ०.२क्ष + १.४य ≥ १.८. दोन्ही बाजूंना ०.२ ने भागलं की क्ष + ७य ≥ ९. नुसत्या ज्वारीवर ही अट पाळायची तर क्ष = ९, म्हणजे रोज नऊशे ग्रॅम ज्वारी. एका माणसाला रोज इतक्या भाकरी खाणं सोपं नाही.

ही दुसरी रेषाही काढा आणि तिचीही योग्य बाजू छायांकित करा. शिवाय क्ष ≥ ० आणि य ≥ ०, कारण उणे डाळ कुणी खात नाही. चारही छाया जिथे एकावर एक येतात, तो प्रदेश म्हणजे दोन्ही गरजा भागवणाऱ्या सगळ्या ताटांचा नकाशा. वर-उजवीकडे तो पसरत जातो. आरंभबिंदूकडची त्याची कड मोडलेली आहे आणि तिला तीन कोपरे आहेत. एक (०, ३) मध्ये, नुसती डाळ. एक (९, ०) मध्ये, नुसती ज्वारी. आणि मधला, जिथे दोन रेषा छेदतात: क्ष + ७य = ९ मधून क्ष + य = ३ वजा केलं की ६य = ६, म्हणून य = १ आणि क्ष = २. दोनशे ग्रॅम ज्वारी, शंभर ग्रॅम डाळ.

आता खर्च. ज्वारी किलोला ५० रुपये आणि तूरडाळ १४० रुपये धरू. एका ताटाचा खर्च ५क्ष + १४य. प्रदेशात ताटं अनंत आहेत. सर्वांत स्वस्त कोणतं? एकेक तपासत बसलो तर आयुष्य पुरणार नाही. पण समान खर्चाचे सगळे बिंदू एका रेषेवर असतात, आणि खर्च कमी केला की ती रेषा स्वतःला समांतर राहून आरंभबिंदूकडे सरकते. तिला सरकवत न्या. प्रदेश सोडण्याआधी ती शेवटची कुठे टेकेल? कडा सरळ आहेत, म्हणून कोपऱ्यावर. (क्वचित ती एखाद्या पूर्ण कडेवर टेकते, पण त्या कडेच्या टोकाला कोपरा असतोच.) अनंत ताटांचा प्रश्न तीन ताटांवर आला. नुसती डाळ ४२ रुपये, नुसती ज्वारी ४५ रुपये, भाकरी आणि वरण २४ रुपये.

मला याहून मोठं नवल पुढच्या गोष्टीत वाटतं. दोन्ही रेषांचे उतार पाहिले तर कळतं, की डाळीचा भाव ज्वारीच्या भावाच्या एकपट ते सातपट यांच्यामध्ये कुठेही असला, तरी सर्वांत स्वस्त ताट हेच राहतं. बाजार वर-खाली होतो, ताट हलत नाही. मी आकडे गोल केले आहेत आणि खऱ्या आहारात लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं अशा कितीतरी अटी येतात, हे खरं. तरी भाकरीबरोबर वरण घेण्याच्या सवयीमागे किती भक्कम भूमिती आहे, हे या एका कोपऱ्यावरून कळतं.

आणखी एक अट घालून पाहा: खिशात २० रुपयेच आहेत, म्हणजे ५क्ष + १४य ≤ २०. ही छाया पहिल्या प्रदेशाला कुठेच भेटत नाही. सामाईक प्रदेश रिकामा. वहीत आपण ‘उकल नाही’ लिहून पुढे जातो, पण घरातल्या माणसाला या दोन शब्दांचा अर्थ चांगला ठाऊक असतो. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्यावर जो अभ्यास मांडला, त्याच्या मुळाशी अशीच एक असमानता होती: दरडोई रोज किमान २,२५० कॅलरी. ज्यांच्या खर्चात तेवढं अन्न येत नाही, ते गरीब. दारिद्र्यरेषा ही खरोखरच एक रेषा होती आणि तिच्या चुकीच्या बाजूला कोट्यवधी माणसं होती.

आहाराचा हा प्रश्न जॉर्ज स्टिगलर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९४५ मध्ये पुरत्या आकाराने मांडला: ७७ खाद्यपदार्थ, ९ पोषकद्रव्यं, सर्वांत कमी खर्च. त्याने अंदाजाने आणि चिकाटीने १९३९ च्या भावांनी वर्षाला ३९.९३ डॉलरचा आहार काढला. इथे कागदाला ७७ मिती लागतात, म्हणून चित्र काढता येत नाही. पण कोपऱ्यांचा नियम तिथेही तसाच चालतो. पोषणाच्या ९ अटी आणि ‘उणे नको’ या ७७, मिळून ८६. कोपरा ठरवायला त्यातल्या ७७ नेमक्या बरोबरीने जुळाव्या लागतात. ८६ मधून ७७ निवडण्याचे मार्ग सुमारे ४६ हजार कोटी. तेवढ्या जागी कोपरा असू शकतो.

यातूनच एक अनपेक्षित गोष्ट निघते. जुळलेल्या ७७ अटींत पोषणाच्या जास्तीत जास्त ९ असू शकतात, म्हणून उरलेल्या किमान ६८ ‘उणे नको’च्या असणार, म्हणजे त्या कोपऱ्यावर किमान ६८ पदार्थ शून्य. सर्वांत स्वस्त आहारात ७७ पैकी नऊहून जास्त पदार्थ लागतच नाहीत, हे एकही भाव न बघता सांगता येतं. प्रत्यक्षात पाचच लागले: गव्हाचं पीठ, कोबी, पालक, वाळवलेल्या घेवड्याचे दाणे आणि गुरांचं यकृत.

हे पाच शोधले गेले १९४७ मध्ये. त्याच वर्षी अमेरिकी हवाई दलासाठी काम करणाऱ्या जॉर्ज डँट्झिगने ‘सिम्प्लेक्स’ ही रीत काढली: एका कोपऱ्यावर उभं राहायचं, शेजारचा स्वस्त कोपरा शोधायचा, कडेकडेने तिथे जायचं, आणि स्वस्त शेजारी उरला नाही की थांबायचं. सगळे कोपरे पाहायची गरज पडत नाही. स्टिगलरचा प्रश्न या रीतीने सोडवायला नऊ कारकुनांना हाताने चालवायची गणनयंत्रं घेऊन मिळून १२० दिवसांचं काम करावं लागलं. उत्तर ३९.६९ डॉलर. स्टिगलरचा अंदाज अवघा २४ सेंटने चुकला होता. सोव्हिएत रशियात लिओनिद कांतोरोविचने १९३९ मध्येच, प्लायवूडच्या कारखान्यातल्या यंत्रांवर काम कसं वाटावं या प्रश्नावरून, हेच गणित उभं केलं होतं. त्याला १९७५ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

कडेकडेने चालण्याला एक धोका होता. १९७२ मध्ये क्ली आणि मिंटी या गणितज्ञांनी मुद्दाम असा आकार रचून दाखवला, की डँट्झिगची रीत त्याच्या सगळ्या कोपऱ्यांवरून फिरत बसते, आणि प्रत्येक नव्या मितीबरोबर कोपरे दुप्पट होतात. १९७९ मध्ये सोव्हिएत गणितज्ञ खाचियानने दुसरी वाट दाखवली; ती सिद्धांतात वेगवान होती, पण व्यवहारात संथ. मग १९८४ आलं. ग्वाल्हेरच्या मराठी घरात जन्मलेले, १९७८ मध्ये पवईच्या आयआयटीतून बाहेर पडलेले, अजून तिशीही न ओलांडलेले नरेंद्र करमरकर तेव्हा अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजमध्ये होते. त्यांनी कड सोडली. प्रदेशाच्या आतून, छायांकित भागाच्या पोटातून, थेट उत्तराकडे जाणारी वाट त्यांनी काढली. प्रत्येक पावलाला अवकाशाचं असं रूपांतर करायचं, की आपण पुन्हा मध्यभागी येतो आणि पुढचं पाऊल लांब टाकता येतं. ही रीत सिद्धांतातही वेगवान होती आणि व्यवहारातही. त्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ही बातमी पहिल्या पानावर छापली. विमानांची वेळापत्रकं, तेलशुद्धीकरण, दूरध्वनीचं जाळं अशा हजारो अटींच्या प्रश्नांसाठी आज डँट्झिगची कड आणि करमरकरांनी खुली केली ती आतली वाट, दोन्ही वापरात आहेत.

आलेखकागद अजूनही कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. दोन रंगांची पेन्सिल घ्या, या आठवड्यात तुमच्या दुकानात ज्वारीचा आणि तूरडाळीचा जो भाव असेल तो घाला, आणि वरचा प्रदेश स्वतः काढा. मग डाळ ज्वारीच्या सातपटीहून महाग झाली आहे अशी कल्पना करा आणि खर्चाची रेषा पुन्हा सरकवून बघा. ती या वेळी (९, ०) वर टेकेल, डाळ नसलेल्या ताटावर. घरात आठवी-नववीचं मूल असेल, तर हे त्याच्या शेजारी बसून करा.